ग्वाटेमालाच्या स्लाइड्स

ग्वाटेमालाला आम्ही चौघं जाणार होतो: आम्ही दोघं, माझी मैत्रीण आणि तिचा नवरा. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं, आम्ही सगळे मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहायचो. टूम माझीच. माया लोकांची पुरातन देवळं बघायची म्हणून वर्षभर मी लायब्ररीतली पुस्तकं उपसली. उत्तरेला पेतेनचं जंगल आणि त्यातली टिकालची देवळं, मधे ज्वालामुखींचा थंड डोंगराळ मुलूख, दक्षिणेला समुद्राकाठची दमट पट्टी, सगळं मला पाठ. मैत्रिणीला तेव्हा ग्वाटेमाला आफ्रिकेत आहे असं वाटत होतं.

ती दोघं अमेरिकन सिटिझन झालेली, त्यांचं त्या पासपोर्टवर भागत होतं. आम्हाला व्हिसा लागणार होता, कारण "आई आहे तोवर इंडियन पासपोर्ट सोडणार नाही" हे माझ्या नवऱ्याचं पालुपद. व्हिसा वेळेत आला नाही. मैत्रीण म्हणेल, पुढच्या वर्षी सगळे मिळून जाऊ, अशी माझी समजूत. ती फोनवर म्हणाली, "तिकिटं कॅन्सल केली तर पैसे जातील गं. आम्ही जाऊन येतो."

तो आठवडा माझा नुसता जळफळाट झाला. तिकडे धो धो पाऊस पडावा, डासांनी तिला फोडून काढावं, असं मी अगदी मनापासून चिंतलं. ती उन्हानं रापून परत आली आणि पहिल्यापेक्षा छान दिसायला लागली.

मग एका रविवारी दुपारी तिच्या बेसमेंटमध्ये पॉटलक आणि स्लाइड शो ठरला. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा, मी श्रीखंड नेलं. त्यात वेलदोडा घालायला विसरले, म्हणजे विसरले असं म्हणू या. पुढच्या खुर्चीवर नागपूरहून मुलाकडे आलेल्या एक काकू बसल्या होत्या. पडद्यावर टिकालचं उंच देऊळ आलं आणि मैत्रीण अडखळली.

"हे टेम्पल टू. नाही, वन असेल," ती म्हणाली. "अगं, तूच सांग ना, मला कुठे काय लक्षात राहतं."

नाही म्हणता आलं असतं. मी उठले आणि सांगतच सुटले. कुठल्या देवळाखाली राजाची कबर सापडली, पायऱ्या किती उभ्या, माकडं कशी डरकाळ्या फोडतात. एका स्लाइडमध्ये तिचा नवरा मधेच उभा होता, तर "त्या माणसाकडे लक्ष देऊ नका," असंही म्हणाले. सगळे हसले. मला फार बरं वाटलं.

दिवे लागल्यावर काकू म्हणाल्या, "किती छान सांगितलंस. किती दिवस होतात गं तुम्ही तिथे?"

"पाच दिवस," मी म्हणाले.

माझा नवरा हातातल्या पेपर प्लेटकडे बघत राहिला. मैत्रीण प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होती. तिनं ऐकलं होतं. आता ती सगळ्यांसमोर माझी फजिती करणार, मी तिच्या जागी असते तर नक्की केली असती.

ती काकूंना म्हणाली, "हो ना. ही होती म्हणून तर आम्हाला काही कळलं."

ती माझ्याशिवाय टिकालला गेली, ते मी कधीच माफ करून टाकलं. हे वाक्य मात्र अजून माफ केलेलं नाही.