खालच्या मजल्यावरची चिखलबाई

चिखलबाई डोळे मिटून गाडी चालवायची, आणि तीही जिन्याच्या पायरीवर बसून. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असंच. जर्मनीत बॉबलिंगेनला माझ्या मुलाकडे, मिलिंदकडे, येऊन मला चार दिवस झाले होते. बादली आणि फडकं घेऊन मी जिना पुसायला उतरले, तर पहिल्या मजल्याच्या वळणावर सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी ताठ बसलेली, डोळे मिटलेले, हात मांडीवर. मला वाटलं ध्यानाला बसली आहे. विहारात कुणी असं बसलं की आपण पाय न वाजवता थांबतो, तशी मी बादली खाली ठेवून थांबले. थोड्या वेळाने तिचे हात वर आले, हवेतलं स्टिअरिंग धरून डावीकडे वळले, उजवा पाय दाबला गेला, सगळं अंग एका बाजूला कललं आणि तोंडातून बारीक घुर्रर्र असा आवाज येऊ लागला. असलं ध्यान मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी सुनेने, सुजाताने, उलगडा केला. ती म्हणाली, खाली बापलेक दोघंच राहतात, मुलगी रविवारी शर्यतीत गाडी चालवते, उद्याची वाट डोक्यात पाठ करत असेल. शर्यत म्हटल्यावर मला टीव्हीवरच्या चकचकीत गाड्या आठवल्या. ह्या तसल्या नव्हत्या. गावाबाहेरच्या शेतात जेमतेम एक किलोमीटरची मातीची गोल वाट, दर थोड्या अंतरावर वळण. गाड्या भंगारात निघालेल्या. आतलं सगळं उपसून टाकायचं, चालवणाऱ्याभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायचा आणि पुढच्या काचेच्या जागी तारेची जाळी लावायची. वाटेच्या प्रत्येक वळणावर पाय कधी उचलायचा हे ती पाठ करायची. एका ठिकाणी चुकली तर पहिल्यापासून.

तिचं खरं नाव योहाना. पण दुसऱ्या दिवशी ती शर्यतीहून परतली तेव्हा डोक्यापासून बुटांपर्यंत चिखल, फक्त डोळ्यांभोवतीचा चौकोन गोरा. मी मनात म्हटलं, चिखलबाई आली. तेच नाव राहिलं.

त्या आठवड्यात आमची केरवोखे होती. त्या भागात इमारतीचा जिना आणि दारासमोरची जागा झाडण्याची दर आठवड्याला एकेका घराची पाळी असते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर तशी पाटी लटकते. सुजाताला त्या पाटीचा वैताग यायचा. मी ते काम मागून घेतलं होतं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. तर सकाळी पुसलेल्या जिन्यावर खालच्या दारापासून तिच्या दारापर्यंत चिखलाची पावलं उमटली. मी बादली घेऊन आले तोवर ती मोज्यांवर बाहेर आली, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि गुडघ्यांवर बसून पुसायला लागली. तिथे सगळे काठीला लावलेल्या फडक्याने उभ्यानेच पुसतात. ही आपल्यासारखी, हाताने, कोपऱ्यात बोट घालून. भिंतीकडेला थोडं राहिलं तर मान हलवून म्हणाली, "नोखमाल," आणि तेवढं पुन्हा पुसलं.

नोखमाल म्हणजे पुन्हा एकदा. हा तिचा शब्द होता. बोल्ट नीट बसला नाही, नोखमाल. माझं नाव जिभेला वळलं नाही, नोखमाल. नाव शेवटपर्यंत वळलं नाहीच, मग सुजाता माझ्या नातीशी बोलताना मला आजी म्हणते ते ऐकून तीही आजी म्हणू लागली.

जिना पुसल्याबद्दल मी तिला थालीपीठ नेऊन दिलं. त्यानंतर शर्यतीच्या सकाळी तिला तेच लागायचं. तिथल्या पावाने पोट जड होतं आणि वळणावर मळमळतं, असं तिने सुजाताला सांगितलं होतं. तिच्या बापाला तिखट सोसायचं नाही. तो एक घास खायचा, लाल व्हायचा, पाणी प्यायचा आणि दुसरा घास घ्यायचा.

बाप कमी बोलणारा, उंच, वाकून चालणारा माणूस. मुलीची गाडी तो स्वतः जुळवायचा. मुलगी गाड्यांना रंग देण्याचं काम शिकत होती, आठवडाभर तिथे राबायची आणि शनिवारी दोघं अंगणापलीकडच्या गॅरेजात ठोकाठोक करायची. रविवारी आवाज करायला तिथे मनाई. त्यामुळे शनिवारी दिवस मावळेपर्यंत नुसती घाई. तो काही सांगू लागला की ती मध्येच त्याचं वाक्य पूर्ण करायची आणि तो हातातला पाना टेबलावर ठेवून म्हणायचा, मग तूच बोल. मला भाषा कळत नसे, पण हे भांडण कुठल्याही घरातलं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात ती बहुतेक वेळा शेवटून दुसरी यायची. एकदा गाडी उलटली. हे मी पाहिलं नाही, मिलिंदने सांगितलं. म्हणे खिडकीतून सरपटत बाहेर आली आणि आधी गाडीच्या दारावर थोपटलं, मग ज्याच्यावर आदळली होती त्याच्याकडे जाऊन हात मिळवला. मी म्हटलं, बापाच्या जिवाला घोर. मिलिंद हसला. "आई, तुझं थालीपीठ होतं ना पोटात."

माझा व्हिसा तीन महिन्यांचा असायचा. दुसऱ्या वर्षी गेले तो उन्हाळा फुटबॉलच्या वर्ल्डकपचा. गावातल्या प्रत्येक मोटारीवर झेंडे फडफडत होते. चिखलबाईच्या गाडीवर मात्र चिखलच. पण आता ती मागे राहत नव्हती. वर्षभराच्या शर्यतींच्या गुणांत तिचा नंबर तिसरा लागला होता आणि सप्टेंबरातली एकच शर्यत उरली होती. उत्तरेकडच्या एका माणसाचा मोठ्या, वेगवान गाड्यांचा संघ होता. तो दरवर्षी ह्या लहान गाड्यांतल्या पहिल्या तिघांना बोलावून आपली गाडी चालवायला द्यायचा, आणि त्यातल्या एकाला ठेवून घ्यायचा. म्हणजे तिसरा नंबर टिकला तर तिला दार उघडणार होतं. बापाच्या जुळवलेल्या गाडीची मजल संपत आली होती, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या शर्यतीला तिने आम्हाला बोलावलं. गाड्या उभ्या करायच्या आवारात बाहेरच्या कुणाला नेलेलं बापाला आवडत नसे, पण तिने हट्ट केला. सुरू व्हायला थोडा वेळ होता. तिने हातमोजे चढवता चढवता आपलं हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि ती बापाबरोबर चाकं बघायला गेली.

एवढा मान मला त्या देशात कुणी दिला नव्हता. मी हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. तोंडावरच्या काचेवर धूळ होती. रुमालाने पुसताना काचेच्या कडेला प्लास्टिकचं एक टोक लागलं. आमच्या घरी नव्या फ्रिजवरचं प्लास्टिक पिवळं पडेपर्यंत तसंच ठेवलेलं. सुजाताने मला तिथे गेल्यावर शिकवलं होतं, की आई, ते वस्तू जपून आणण्यापुरतं असतं, घरी आली की काढून टाकायचं. मी ते टोक धरून ओढलं. पातळ पट्टी अलगद निघून आली. खाली दुसरी होती. तीही काढली. अशा सहा निघाल्या. काच इतकी लख्ख झाली की तिच्यात माझं तोंड दिसलं. कचरा कुठे टाकू नये म्हणून पट्ट्यांचा बोळा करून मी माझ्या पिशवीत ठेवला. तेवढ्यात भोंगा वाजला, ती धावत आली, हेल्मेट घातलं, मला अंगठा दाखवला आणि गेली.

आधी पाण्याच्या टँकरने वाट भिजवली होती. पहिल्याच फेरीत पुढच्या गाड्यांनी चिखलाचे फवारे उडवले. दोन फेऱ्यांत ती तिसरी होती. आमच्यासमोरून जाताना तिने एक हात उचलून तोंडाशी नेला. मला वाटलं आम्हाला हात करते आहे. मी उठून दोन्ही हात हलवले. पुढच्या फेरीत तिने पुन्हा हात नेला, पुन्हा मी हलवले. मग तिने काच वर केली आणि उघड्या चेहऱ्याने गाडी चालवली. गाडी हळू झाली. एकेक जण तिला ओलांडून गेला. ती सातवी आली. वर्षाच्या यादीत चौथी.

ती उतरली तेव्हा डोळे लालभडक, पापण्यांत माती. बापाने एकच प्रश्न विचारला आणि तिने खाली बघून एका वाक्यात उत्तर दिलं. सुजाताने मला हळूच सांगितलं, "आई, काचेवर पातळ पट्ट्या लावलेल्या असतात. चिखल उडाला की वरची ओढून फेकायची, खालून स्वच्छ. आज लावायला विसरले म्हणतेय."

मी पिशवी पोटाशी धरली. परतताना सगळ्या वाटेत ती तशीच धरून बसले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सुजाताला सांगितलं असतं तर तिने खाली जाऊन चांगल्या भाषेत माफी मागितली असती. पण चूक माझी आणि तोंड तिचं, हे मला पटेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच खाली गेले. बाप स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, ती भांडी पुसत होती. मी पिशवीतून तो बोळा काढून टेबलावर ठेवला आणि मला येत होती तेवढी जर्मन बोलले. "इश. दास. इश." मी. हे. मी.

तिने बोळ्याकडे पाहिलंही नाही. ओल्या हाताने माझं मनगट धरून हळूहळू, मला कळेल अशा शब्दांत म्हणाली, "आजी, मला माहीत होतं. काच खूप स्वच्छ होती."

पहिल्यांदा हात काचेकडे गेला तेव्हाच तिला कळलं होतं. बापाने पुन्हा आम्हाला कधी आवारात येऊ दिलं नसतं, म्हणून तिने वर्षभराची मेहनत विसराळूपणाच्या खात्यात टाकली होती. आता मात्र बापाला कळलं. तो उठला. एवढा उंच माणूस उठल्यावर स्वयंपाकघर लहान झालं. तो बाहेर गेला. मला वाटलं, आता तो दार उघडून मला जायला सांगेल. तो परत आला तो हेल्मेट आणि नव्या पट्ट्यांचं पाकीट घेऊन. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला, एक पट्टी काढली, काचेवर एका टोकाने टेकवली आणि बोटाने हवा बाहेर काढत काढत दुसऱ्या टोकापर्यंत नेली. मग दुसरी पट्टी माझ्या हातात दिली.

माझी पहिली पट्टी वाकडी बसली, मध्ये बुडबुडा राहिला. बापलेक दोघं एकदम म्हणाले, "नोखमाल."

ह्या हातांनी मी जन्मभर पापड लाटले आहेत. पाचव्या पट्टीला बुडबुडा राहिला नाही.

तिसऱ्या वर्षी मी गेले तेव्हा ते काम माझंच होतं. प्रत्येक शर्यतीच्या सकाळी आधी थालीपीठं, मग पट्ट्या. दुसऱ्या कुणी हेल्मेटला हात लावला तर चिखलबाई त्याला दटावायची. आवारातले लोक मला ओळखू लागले. मी मान हलवायची, ते मान हलवायचे, एवढ्यावर आमचं छान चालायचं. ती आता वळण घेताना दुसऱ्याच्या गाडीला इतकी चिकटून जायची की मी डोळे मिटून घ्यायची, आणि उघडले की ती पुढे असायची. शेवटच्या शर्यतीत दुसरी आली, वर्षाची तिसरी.

तो उत्तरेकडचा माणूस त्या दिवशी आला होता. त्याने बापाला विचारलं, हिच्या पट्ट्या कोण लावतं, इतक्या सफाईने निघतात. बापाने माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने माझ्याशी हात मिळवला आणि थट्टेने म्हणाला, हिलाही पाठवा. बाप म्हणाला, मुलगी नेताय तेवढं पुरे. सगळे हसले, बाप हसला नाही.

आठ दिवसांत तिने त्या माणसाची गाडी चालवून दाखवली आणि त्याने तिला ठेवून घेतलं. तिथेच रंगकामाची नोकरी, तिथेच राहायची खोली. माझ्या परतीच्या विमानाला चार दिवस असताना ती निघाली. गुरुवार होता, बापाला सुट्टी मिळाली नव्हती. तो गावात बस चालवायचा. म्हणून ती त्याच्याच बसने स्टेशनवर जाणार होती. तिची एक बॅग मी घेतली आणि तिच्याबरोबर बसमध्ये चढले. तिने बापाकडून इतर लोकांसारखं तिकीट घेतलं. आम्ही पुढच्या बाकावर बसलो. बाप आरशातून एकदाही मागे बघत नव्हता. पण कुणी उभं नसलेल्या थांब्यांवरही तो बस थांबवत होता, दार उघडत होता आणि बंद करत होता.

स्टेशनवर ती उतरली. मला मिठी मारली, तेव्हा तिचा गाल ओला लागला. मग पुढच्या दाराशी जाऊन बापासमोर उभी राहिली. तो सीटवरून उतरून खाली आला. दोघांनाही हातांचं काय करावं कळेना. शेवटी त्याने तिच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली, लहान मुलाची देतात तशी, आणि तिने ती ओढू दिली.

बस माणसांनी भरलेली होती. निघायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. त्या देशात दोन मिनिटं उशीर झाला तरी लोक घड्याळ बघतात. त्या दिवशी कुणीही बघितलं नाही. चिखलबाई फलाटाच्या जिन्यावरून दिसेनाशी होईपर्यंत बस तशीच उभी होती, दारं उघडी टाकून.