गाडीच्या काचेवरचं कॉलेज

लोर्ना क्रेब्सने बावीस वर्षं आमच्या गावातल्या कॉलेजच्या भोजनगृहात सूप वाढलं. मी शेजारीच भांडी विसळायचे, म्हणून छातीठोक सांगते, त्या बाईला पोरांची नावं पाठ, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत तेही पाठ. परीक्षा जवळ आली की रडवेल्या पोरी आईला फोन करायच्या आधी लोर्नाकडे यायच्या. ओहायोतलं हे एवढंसं कॉलेज. वर्गात पंधरा टाळकी, इतिहासवाल्याने गणितही शिकावं असा आग्रह, आणि सगळे सगळ्यांना ओळखणार. आपली थिया इथेच शिकणार, हे लोर्नाने पोर रांगत होती तेव्हाच ठरवून टाकलं होतं. नवरा कधीचाच सोडून गेलेला. दुसरं ठरवायला होतं तरी काय तिच्याकडे!

एप्रिलमध्ये थियाला दोन कॉलेजांची पत्रं आली. एक आमचं, दुसरं तसलंच छोटं, पण पार मेन राज्यात. उत्तर महिनाअखेरीला द्यायचं होतं. पोरांनी कॉलेज पक्कं केलं की आईबाप गाडीच्या मागच्या काचेवर त्याचं स्टिकर लावतात. लोर्नाने दुसऱ्याच दिवशी आमच्या कॉलेजचं लावलं.

"अगं, पोरीने अजून हो कुठे म्हटलंय?" मी म्हणाले. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!"

"तू गप गं, डॉट. नाही कशाला म्हणेल ती?"

थियाने स्टिकर पाहिलं आणि तडक माझ्या घरी आली.

"मावशी, इथे शिकवतात छान, माणसंही छान. पण चार वर्षं मी सूपवाल्या लोर्नाची पोरगीच राहणार."

माझं डोकंच फिरलं. "लाज वाटते का गं आईची?"

"नाही!" ती रडायला लागली. "वाटायला लागेल, याची भीती वाटते."

माझा राग जागीच विरला. म्हटलं, "हे तिच्याजवळ बोलू नकोस. तिकडचे प्राध्यापक जास्त चांगले आहेत म्हण." तिने तसंच सांगितलं. लोर्ना म्हणाली, "अभ्यास महत्त्वाचा," आणि ब्लेडने स्टिकर खरवडून काढलं.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघी तिला मेनला पोचवायला गेलो. तिथे पालकांना जेवण होतं. लोर्नाने निळा ड्रेस कडक इस्त्री करून घातला होता. जेवण झालं आणि ही बया सवयीने उठली, आमच्या टेबलावरच्या ताटल्या गोळा करून शेजारच्या टेबलाकडे वळली. तिथल्या एका बाईने वर न बघताच आपली ताटली हिच्या हातातल्या ढिगावर ठेवली.

"थँक्यू हं. जरा कॉफी मिळेल?"

मी ओरडणारच होते. पण लोर्ना "हो, हो, आणते," म्हणाली आणि खरंच आणून दिली. थिया नव्या मैत्रिणींत बसली होती. तिने सगळं पाहिलं आणि मान खाली घातली.

निघताना मायलेकी गळ्यात पडून रडल्या.

परतीच्या वाटेवर चार तास लोर्नाने गाडी हाकली. मग म्हणाली, "डॉट, पोरीने कॉलेज बरोबर निवडलं."

"हो ना, प्राध्यापक किती—"

"प्राध्यापकांचं नाही गं," ती म्हणाली. "आपल्याकडे तिला रोज मान खाली घालावी लागली असती."