हाकेला आलेला काठ

माझी देवावर श्रद्धा नव्हती असं नाही. त्याला मोठ्याने हाक मारायची लाज वाटायची. आमच्या जबलपुरात घाटावर कोणी 'नर्मदे हर' म्हटलं की ऐकणाऱ्यानेही 'नर्मदे हर' म्हणायचं, ही रीत. मी नुसते ओठ हलवायची. शिक्षण इंग्रजी शाळेत, मराठी घरापुरती, हिंदी बाजारापुरती. कुठल्याच भाषेत माझा आवाज कधी चढला नव्हता.

दोन्ही गोष्टी पाठोपाठ घडल्या, बाबांची निवृत्ती आणि हृदयविकाराचा झटका. ते वाचले, पण दवाखान्यातून परतले ते अगदी गप्प होऊन. जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या बाल्कनीत बसून दिवसभर रस्ता बघायचे. मग एक दिवस बर्गी धरणावरच्या कोणाकडून तरी त्यांनी जुनी मोटारबोट आणली. फायबरचा तळ तडकलेला, इंजिनावर कोळिष्टकं.

"लोक रिटायर होऊन कार घेतात," आई म्हणाली. "तुम्ही काहून हे टब उचलून आणलं?"

"नर्मदामैयावर फिरवीन न तुला."

"आधी ते तरंगू तर द्या!"

तो हिवाळा आम्ही दोघांनी त्या बोटीपाशी काढला. मी जुना रंग घासायची, बाबा तड्यांवर रेझिन लावून फायबरच्या पट्ट्या बसवायचे. अधारतालच्या मेकॅनिकने इंजिन उघडून साफ केलं. पेट्रोलचा पाइप तेवढा बाबांनी जुनाच ठेवला. "चालते हा अजून," म्हणाले. काम करता करता ते पुन्हा शीळ घालू लागले होते, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

पहिल्या फेरीला आम्ही तिलवाराघाटावरून सकाळीच निघालो. आई नारळ घेऊन पायरीवर थांबली. परत आलात की फोडीन, म्हणाली. भिजू नयेत म्हणून दोघांचे फोनही तिच्याच पिशवीत. मधोमध पोचलो तोवर धुकं इतकं दाटलं की बोटीचं टोक दिसेना. इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

बाबा सुरू करायची दोरी ओढत राहिले. "बाबा, पुरे," मी म्हटलं. "होऊन राहिलं, होऊन राहिलं," म्हणता म्हणता ते मटकन बसले. हात छातीवर, चेहरा पांढरा. माझ्या हातात वल्हं होतं, पण काठ कुठे होता? प्रवाह आम्हाला भेडाघाटाकडे नेत होता, आणि पुढे धबधबा.

मदतीला हाक मारायची होती. इंग्रजी, हिंदी, मराठी, कुठलाच शब्द फुटेना. शेवटी घशातून निघालं ते 'नर्मदे हर', फाटक्या आवाजात. काहीच नाही. पुन्हा ओरडले. मग डावीकडून, लांबून, एका बाईचा घोगरा आवाज आला, "नर्मदे हर!"

मी बोट त्या आवाजाकडे वळवली. मी हाक द्यायची, ती उत्तर द्यायची, मी वल्हं मारायची. आवाज मागे पडला की वळायची. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी तळाला वाळू घासली. समोर पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी, पाठीवर गाठोडं. तिने काठी पुढे केली, मी ती धरून उतरले. तिच्या कमंडलूतलं पाणी प्यायल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला.

"बिटिया, इतना धीरे बोलती हो," ती म्हणाली, "मैया को कान लगाना पड़ा होगा!"

मी कमंडलू परत देत म्हटलं, "दादी, इंजन ठीक हो जाए तो हम आपको उस पार छोड़ दें?"

बाबांनी तशाही अवस्थेत कपाळाला हात लावला. म्हातारी खोकला येईपर्यंत हसली. "उस पार? मेरी परिक्रमा तुड़वाओगी क्या?" नदी उजव्या हाताला ठेवून चालणाऱ्याने ती मधूनच ओलांडायची नसते, हे मला ठाऊकच नव्हतं. बाबांना बरं वाटतंय असं पाहून ती धुक्यात निघून गेली.

धुकं विरल्यावर आम्ही बोट तिथेच ठेवून रस्त्याने परतलो. डॉक्टरांनी बाबांना तपासलं, काळजीचं काही निघालं नाही. पाइपला मात्र चीर निघाली. नवा पाइप बसवून बोट घाटावर नीट परत आली, तेव्हा आईने नारळ फोडला आणि बाबांचा हात धरून आत बसली.

धुकं थोड्या वेळात विरलंच असतं, एखादा कोळीही भेटला असता. मी वाद घालत नाही. बोट काठाला लागेपर्यंत आम्ही संकटात आहोत हे त्या म्हातारीला कळलंही नसेल, ती बहुधा फक्त रीत पाळत होती. पण सगळं देवावर सोडणं म्हणजे हात जोडून गप्प बसणं, असं मी समजत आले होते. त्या सकाळी वल्हं माझ्याच हातात होतं. दिशा तेवढी माझी नव्हती.

आता धुकं असलं की मी घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी राहते. समोर कोणी दिसत नाही. तरी 'नर्मदे हर' ऐकू आलं की मोठ्याने उत्तर देते. कोणाला काठ हवा असेल.