अंगी लागलेलं अन्न

देवी माझ्यावर रुसली आहे, असं मला गेल्या उन्हाळ्यात पक्कं वाटू लागलं होतं. किडन्या निकामी झाल्यापासून मी पिपरी मेघेहून आठवड्यातून दोनदा वर्ध्याला डायलिसिसला जाते. सुरुवातीला अंथरुणाला खिळले होते, तेव्हा डॉक्टर मॅडमनी माझं वजन ठरवून दिलं होतं, सत्तेचाळीस किलो. त्याच्या वर काटा दाखवेल ते अंगातलं जादा पाणी, आणि तेवढं मशीननं काढायचं. पण पुढे काटा वरवरच राहू लागला. ते सगळं काढता काढता शेवटी पोटऱ्यांत गोळे यायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. पाणी जास्त पिता का, असं सिस्टरनं विचारलं, की चोखलेले बर्फाचे दोन खडे आठवून मी अपराध्यासारखी हो म्हणायची. घोट आणखी कमी करायची. देवीला म्हणायची, माझं वजन उतरव. ते काही उतरेना.

एका शुक्रवारी नालवाडीकडच्या देवळात गेले. बाहेर एक म्हातारी बांगड्या विकत बसली होती. डाव्या हाताला डायलिसिसची नस असल्यानं उजवाच हात पुढे केला. नेहमीच्या दोन-चार मापाच्या बांगड्या चढेनात. अंगात पाणी भरलंय, राहू द्या, म्हणून मी हात मागे घेतला. तिनं तो सोडला नाही. अंगठ्यानं मनगट दाबलं, मग वाकून माझा घोटाही दाबून पाहिला.

"सुजेवर बोट रुतते, पोरी. पोटुशी बायांचे हात मी रोज पाह्यतो. हे मांस हाये. अन्न अंगी लागून राह्यलं तुले."

आणि दोन-सहाच्या हिरव्या बांगड्या अलगद चढवल्या.

पुढच्या खेपेला मी मॅडमना सगळं सांगितलं, बर्फाचे खडे आणि माझा खोटा कबुलीजबाबसुद्धा. त्यांनी छाती तपासली, पाय दाबले, झोपवून आणि उभं करून बीपी घेतलं, जेवणाचं विचारलं. भूक परतली होती, सून रोज अंड्याचं पांढरं खाऊ घालत होती. मॅडम हसल्या. "तुम्ही अंगानं भरलात, आपला आकडा मात्र मागेच राहिला. म्हणून मशीन गरजेचं पाणीही ओढत होतं."

अर्ध्या अर्ध्या किलोनं, तपासत तपासत, त्यांनी तो साडेअठ्ठेचाळीसवर नेला. गोळे थांबले. एके दिवशी मी आपली आपण चालत बाहेर आले. दंड धरायला आलेल्या आमच्या ह्यांना काही कामच उरलं नाही, म्हणून त्यांनी माझी पर्स धरली.

त्या म्हातारीला सांगायला चार-पाचदा गेले. ती पुन्हा दिसली नाही. हे म्हणतात, फिरती बाई असेल. असेलही. मी वाद घालत नाही. देवीनं दिलेलंच परत ने म्हणून मी तिच्या मागे लागले होते, आणि तिनं ऐकलं नाही, हे माझं केवढं भाग्य! आता तिच्यापुढे काही मागत नाही. दिलेलं ओळखता यावं, एवढंच म्हणते, आणि घरी येऊन निवांत जेवते.