बोटीचं शिसं

सकाळी ह्यांचा कालचा शर्ट धुवायला घेतला आन् त्या जळक्या वासानं माझा हातच थांबला. पोरगं चार वर्साचं झालं तरी बोलत न्हाई, म्हणून परवा रक्त काढलंय, तवा डॉक्टरीण बाईंनी इचारलं, घरात शिशाचं काम कोण करतं का, त्ये हातावरनं, कापडावरनं घरात येतं आन् पोरांच्या डोक्याला बाधतं.

मला तीन वर्सांमागची ह्यांच्या कामाची कुपवाडची शेड आठवली. पुण्याच्या एका साहेबाच्या शिडाच्या बोटीखाली लोखंडाचा पत्रा हुता, त्यो काढून, बोट उलटू नये म्हणून नव्या नमुन्याचं, खाली भोपळ्यागत फुगलेलं शिशाचं वजन बसवायचं हुतं. हे जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवत हुते. मी डबा घेऊन गेले, काखंत आठ म्हयन्याचं पोरगं. त्याला खाली टेकवाया गेले तर वाळूच्या साच्यात त्याचा पाय उमटला, मी घाबरले, तर हे हसले.

"ऱ्हाऊ दे गं. वाऱ्यानं बोट आडवी झाली तर ह्योच पाय तिला उभी करंल."

मग चांदीवानी शिसं ओतलं. धूर लय झाला. मी तितंच बसून पोराला पाजलं, मला ह्यांचं लय कौतुक वाटत हुतं, आन् आता वाटतं, तवाच उठून का न्हाई पळाले.

डॉक्टरीण बाईंचं बोलणं ह्यांना सांगितलं, तर डबा उचलून कामावर गेले. रिपोर्ट अजून आला न्हाई. आज कामावरनं आले ते दारातच थांबले, भायेरच्या नळाखाली बसले. पोरगं हात पसरून त्यांच्याकडं झेपावतंय, रडतंय, आन् मी त्याला घट्ट धरलंय.

"आवं, लवकर करा."

हे साबण लावत्यात, धुत्यात, परत लावत्यात.