लिंबाशिवायचं वॅक्स

होळीला महिना उरला की आमच्या जळगावच्या घरात लिंबू यायचं बंद होतं. वरणावर पिळायलासुद्धा नाही. सासरचा धंदा साखरेच्या हार-कड्यांचा. होळीला लेकरांच्या गळ्यात आणि हातांत घालतात ना, तेच. परसात भट्टी पेटते, सासूबाई लाकडी साच्यांत पाक ओततात आणि तो पांढराशुभ्र, कडक बसायला हवा. त्यात लिंबू पडलं की पाक चिकटच राहतो, बसायचं नाव घेत नाही. म्हणून लिंबू बंद, विषय संपला. मी धुळ्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळे थेर वाटायचे.

दोन वर्षांपूर्वी नेमक्या त्याच महिन्यात मी पुढच्या खोलीत पार्लर मांडलं. माहेरी राहून तीन महिन्यांचा क्लास केला होता. सासूबाईंनी साखरेची पोती मागे हलवून खोली दिली, पण बजावून दिली. "होळीलोंग देखू. नही चालनं त पोता आठेच येतीन." होळीपर्यंत बघू, नाही चाललं तर पोती परत इथंच. मला ती खोली हवीच होती. आयुष्यात पहिल्यांदा एक दार असं होतं, ज्याच्या आत काय करायचं ते मी ठरवणार होते.

पंधरा दिवस कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. सोळाव्या दिवशी असोद्याची एक कॉलेजातली मुलगी आली. दुसऱ्या दिवशी मुक्ताईनगरला मामेबहिणीचं लग्न, आणि हिने आयुष्यात पहिल्यांदा बिनबाह्यांचं ब्लाऊज शिवलेलं. घरची केळीची शेती, हात उन्हाने रापलेले, त्यावर दाट काळी लव. वर्गातली पोरं काय काय बोलायची, ते तिने खाली बघत सांगितलं. मला त्या पोरांच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

"ताई, खूप दुखतं का हो?"

"छे गं, मुंगी चावल्यासारखं," मी ठोकून दिलं. तिचं पहिलं वॅक्सिंग आणि माझं पहिलं गिऱ्हाईक. आम्ही दोघी सारख्याच घाबरलेल्या.

क्लासच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. साखर, पाणी, लिंबाचा रस, मंद आच. आधी हात कोरडा करून पावडर लावायची. वॅक्स कोमट झालं की स्वतःच्या मनगटावर लावून बघायचं. बोथट सुरीने केसांच्या दिशेने पातळ पसरायचं, वर जुन्या जीन्सची पट्टी दाबायची, कातडी ताणून धरायची आणि उलट्या दिशेने एका झटक्यात ओढायची. ओढताना वर उचलायचं नाही, कातडीला लागून ओढायचं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. फक्त लिंबू घरात नव्हतं, आणि मी म्हटलं, लिंबू काय, वासापुरतं असेल. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

मी तिच्या हातावर वॅक्स पसरलं आणि सुरीखालीच ते पांढरं व्हायला लागलं. बघता बघता कडक झालं. कोपरापासून मनगटापर्यंत पोरीच्या हातावर मी चक्क साखरेचं कडं बसवलं होतं, आणि तिचे सगळे केस त्यात घट्ट अडकलेले. तिने हात जरा हलवला आणि कळवळली. डोळ्यांत पाणी. मी त्या कड्याचं टोक धरलं, म्हटलं, आता ओढून टाकावं एकदाचं.

"ओढू नको!"

दारात सासूबाई. हात साखरेने माखलेले, पदर खोचलेला. गेली खोली, दुसरं काय!

त्या रागावल्या नाहीत. कोमट पाण्यात टॉवेल भिजवून आणला, त्या हाताला गुंडाळला आणि पोरीशेजारी बसून म्हणाल्या, "उगी बेटा. साखरच शे, पानीले भिते." पाच मिनिटांत ते कडं विरघळून खाली ठेवलेल्या परातीत उतरलं. कातडीला ओरखडासुद्धा नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "लिंबू?"

"आपल्याकडे चालत नाही ना," मी पुटपुटले.

त्या उठल्या आणि स्वतः शेजारणीकडून दोन लिंबं घेऊन आल्या. भट्टीकडे गेल्या नाहीत, स्वयंपाकघरातल्या गॅसवर लहान पातेलं ठेवलं. तिथं मी जे बघितलं ते क्लासात तीन महिन्यांत बघितलं नव्हतं. त्या पाकाकडे बघतच नव्हत्या, ऐकत होत्या. बुडबुड्यांचा आवाज जड झाला तशी आच कमी केली. रंग मधासारखा झाल्यावर एक थेंब वाटीतल्या पाण्यात सोडला, बोटांत धरून ताणला, मान हलवली. अजून थोडा. पुन्हा ताणला. मग गॅस बंद. चाळीस वर्षं ज्याला हात लावला नाही असा पाक या बाईने पहिल्याच फटक्यात जमवला होता! मी तोंडाचा आ करून उभी.

मी पोरीचा हात पुसला, पावडर लावली, पातळ थर दिला, पट्टी दाबली, ओढली. चर्र! "आई गं!" पोरगी ओरडली. पट्टीएवढी जागा उघडी पडली होती, नितळ, स्वच्छ. तिने त्यावर बोट फिरवलं, मग मीही फिरवलं. साखर, पाणी आणि लिंबू, एवढ्यातून हे! माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. दोन्ही हात होईपर्यंत ती स्वतःचाच हात उलटसुलट करून बघत राहिली. दोन दिवस कढत पाण्याने अंघोळ नको, उन्हात जाऊ नको, असं सांगून मी तिला निरोप दिला. जाताना ती सासूबाईंच्या पाया पडली.

मी पट्ट्या गोळा करत निकालाची वाट बघत होते. सासूबाई खुर्चीत बसल्या, बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे धरला.

"मना बी कर." माझाही कर.

मी हात धरला. इतक्या वर्षांत तो असा जवळून कधी पाहिलाच नव्हता. एक केस नव्हता. भट्टीच्या झळांनी सगळे कधीच गेलेले, आणि कोपरापर्यंत पाक उडून पडलेले चकचकीत, गोल डाग. मोजवत नव्हते.

"आई, इथं काढायला काहीच नाही."

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "चाळीस वरीस गरम साखर या हातवर पडनी. कोनी हळूच लाई नही. तू लाव."

मी वॅक्स कोमट होऊ दिलं, आधी माझ्या मनगटावर लावून पाहिलं, आणि मग सावकाश त्यांच्या हातावर पसरलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.