डॉक्टरीणबाईंच्या शिव्या

आमच्या डॉक्टरीणबाई पेशंटला ‘काय होतंय?’ असं कधीच विचारत नसत. चष्म्यावरून बघत त्या म्हणत, “आता कशाला आलात?” सगळा जोर त्या ‘आता’वर. हा माणूस आठवडाभर आधी यायला हवा होता, तो आज आलाय, अर्थात तो मूर्ख आहे, एवढं सगळं त्या एका शब्दात सांगून टाकत. पेशंट ओशाळून काहीतरी पुटपुटला की त्या माझ्याकडे वळत. “शालन, बसव यांना. मरायला अजून वेळ आहे.”

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन मी पलूसजवळच्या मळ्यात आले होते आणि बारावी झालेली सून घरात नुसती बसवून काय करायची, असा सगळ्यांना प्रश्न पडला होता. डॉक्टरीणबाईंना नंबर लावायला आणि सुया उकळायला कुणीतरी हवं होतं. त्यांनी मला एकच विचारलं, “रडतेस का?” मी नाही म्हटलं. “मग ये उद्यापासून. रडणाऱ्या बायकांचा मला कंटाळा आहे.” त्या मूळच्या साताऱ्याच्या, बिनलग्नाच्या. एवढी शिकलेली बाई आमच्याकडे कशी आली, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “साताऱ्यात आधीच डॉक्टर फार. मूर्खांचा तुटवडा पडला.”

‘गॅस’ हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. आमच्याकडे बेंबीपासून गळ्यापर्यंत काहीही झालं तरी तो गॅसच. छातीत कळ आली, गॅस. धडधडलं, गॅस. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी गॅसच डोक्यात चढला. मग ओवा खायचा, सोडा प्यायचा, एक ढेकर आला की मोकळे. असा एखादा तज्ज्ञ समोर बसला की डॉक्टरीणबाईंचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा व्हायचा. “गॅस शेगडीला असतो. छातीत धडधडतं ते काळीज. तुम्हालाही दिलंय ते. तुमच्याकडे बघून खरं वाटत नाही, पण दिलंय.”

एकदा एक बागायतदार बायकोला घेऊन आला. उंचापुरा गडी, डोक्याला कडक टोपी. बायको मागे, पदर तोंडात धरून. वर्षभर तिच्या छातीत मधूनच फडफडायचं आणि पाण्याची घागर घेऊन चालताना ती खाली बसायची.

“वर्षभर काय केलंत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“लिंबू सरबत देतोय की. साखर-मीठ घालून.”

“बैल आहेत घरी?”

“हायत की. खिलार जोडी हाय.” गडी खुलला.

“त्यातला एक लंगडला तर काय करता?”

“लगीच गुरांचा डॉक्टर आणतो वो. जनावर हाय, त्याला बोलता येतंय व्हय?”

“हिला येतं ना बोलता? मग वर्षभर काय ऐकत होतात? बैलाचा पाय लंगडला तर डॉक्टर, आणि बायकोचं काळीज लंगडलं तर सरबत! उद्या बैलाला घेऊन या. तुमच्यापेक्षा त्याच्याशी बोललेलं बरं.”

बाकड्यावरचे लोक हसले. गडी टोपी काढून कपाळ पुसत बसला. हे सगळं बोलून झाल्यावर मगच डॉक्टरीणबाईंनी त्या बाईचा हात हातात घेतला. त्यांची रीतच तशी होती. आधी तोंड, मग हात.

उगाच घाबरणाऱ्यांवरही त्यांची तेवढीच मेहेरबानी. एक मास्तर दर आठवड्याला यायचे. रात्री उशीला कान लावला की ठोके ऐकू येतात, मधेच एक चुकतो, आता आपण जाणार, अशी त्यांची खात्री. डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्राम काढला, तपासलं आणि दिवसाला किती चहा पिता ते विचारलं. मास्तर आठवायला लागले आणि आठवतच राहिले. “एखादा ठोका सगळ्यांचाच चुकतो,” त्या म्हणाल्या. “चहा कमी करा, झोपा वेळेवर, आणि उशीला कान लावणं बंद करा. पोरांना पाढे शिकवता, ते चुकतात तेव्हा असे घाबरता का?” मास्तर उठले तशी त्यांनी दारातून पुन्हा हाक मारली. “आणि ऐका. धडधड थांबेचना, दम लागला, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, तर तेव्हा मात्र उद्यावर टाकू नका. तेव्हा मला झोपेतून उठवलंत तरी चालेल. शिव्या देईन, पण उठेन.”

मला त्यांनी नाडी बघायला शिकवली ती माझ्याच मनगटावर. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवायची आणि गप्प बसायचं. “गप्प बसणं तुमच्या गावात कुणाला जमत नाही, म्हणून नाडी कुणाला सापडत नाही,” त्या म्हणाल्या. “पळत असली तरी ताल असतो. पण दारू प्यालेला माणूस चालतो तशी लागली, एक पाऊल लांब, दोन आखूड, मधेच गायब, तर मला हाक मार.”

अशी नाडी मला सापडली ती घरातच. माझ्या सासूबाई, हौसाबाई. सगळा मळा त्यांच्या आवाजावर चालायचा. त्यांना आम्ही आत्या म्हणायचो. त्यांच्याही छातीत बरेच दिवस काहीतरी होत होतं, पण सांगणार कोण? त्यांनी देवऋष्याकडून काळा दोरा आणून दंडाला बांधला होता. मी फार मागे लागले तेव्हा एकदाच्या त्या दवाखान्यात आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून.

“छातीत पाखरू शिरल्यागत फडफडतंय,” आत्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंची नजर दंडावर गेली. बाकडं भरलेलं होतं, आणि त्यांचा आवाज काही लहान नव्हता. “दोरा बांधलाय ना? मग दोऱ्यालाच विचारा. माझ्याकडे आता कशाला आलात?”

आत्या उठल्या. मळ्यात कुणी त्यांच्याकडे वर मान करून बोलत नव्हतं. पदर सावरून त्या दाराशी गेल्या आणि वळून म्हणाल्या, “तुज्या दारात थुंकायला बी येणार न्हाई, बाई.” आणि गेल्या. मी दोघींच्या मधे सुयांचं भांडं धरून उभी.

त्या रात्री मी आत्यांचे पाय चेपता चेपता हात हातात घेतला. नाडी दारू प्याल्यासारखी चालली होती. सकाळी मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

“मग घेऊन ये.”

“येत न्हाईत, बाई. तुमचं नाव काढलं तरी चिडत्यात.”

“मग मरू दे.”

पण दुसऱ्या दिवशी मी पाऊल आत टाकायच्या आधीच त्यांनी विचारलं, “मेली का तुझी सासू?” मी नाही म्हटलं. “हं,” म्हणून त्यांनी पुढचा नंबर बोलावला. त्या दिवसापासून हे रोजचं झालं. “आहे का अजून?” “आहेत.” “गोळ्यांशिवाय? कमाल आहे.” मधे एकदा सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली. “माझं तोंड बघायचं नसेल तर त्यांचं बघ म्हणावं.” आत्यांनी ती चिठ्ठी चुलीत घातली.

ऊसतोड चालू होती. सकाळी आत्या म्हशीची धार काढत होत्या. चरवी कलंडल्याचा आवाज आला म्हणून मी गोठ्यात धावले, तर दुधात बसलेल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात खाली लोंबलेला. मला काहीतरी सांगत होत्या, पण शब्द होत नव्हता.

घर गोळा झालं. शेजारणीनं कांदा फोडून नाकाला लावला. कुणी म्हणालं, अंगावरनं वारं गेलंय. कुणी म्हणालं, गॅस मेंदूत चढलाय. आमच्या मालकांना कुणीतरी उंब्रजकडे लकव्याचं औषध देणारा माणूस सुचवला, आणि ते बैलगाडी जुंपायची की जीप बघायची यावर भावाशी बोलायला लागले. मी धाकट्या दिरांना म्हणाले, “भाऊजी, मोटारसायकल काढा. डॉक्टरीणबाईंना आणा.”

“ती येतीय व्हय? आईनं तिला काय म्हटलंय, गावाला ठाव हाय.”

“तुमी जावा तर.”

त्या आल्या. बाकडंभर पेशंट तसेच सोडून, स्वतःची खडखडी जीप हाकत, पायांतल्या चपला घरातल्याच. तोवर शेजारीण कपबशी घेऊन आत्यांच्या तोंडाशी चहा नेत होती. डॉक्टरीणबाईंनी ती बशी हिसकून अंगणात भिरकावली. “गिळता येत नाही तिला! श्वासात जाईल. मारायचंच असेल तर विहीर आहे ना जवळ?” मालक पुढे होऊन उंब्रजच्या औषधाचं सांगायला लागले. त्यांच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “ते औषध तू घे. तुझा मेंदू कधीचाच लुळा आहे. आता पाय धर आईचे.”

आत्यांना जीपमध्ये मागे कुशीवर निजवलं. मी हात धरून बसले. रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला. हॉर्नवर हात दाबून डॉक्टरीणबाई गाडीवानांना अशा शिव्या देत होत्या, की साताऱ्यातही अशा शिकवतात, हे मला त्या दिवशी कळलं. नांद्रे मागे पडलं तेव्हा त्या मान न वळवता म्हणाल्या, “हौसाबाई, मला शिव्या द्यायच्या राहिल्यात ना तुमच्या? मग जगायला लागेल.”

सांगलीच्या डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप खराब झाली. म्हणून ठोके बेताल पडत होते. तसं झालं की हृदयात रक्त साकळतं, त्यातली गुठळी मेंदूत गेली. आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, ठोके आवरायच्या गोळ्या, आणि रक्ताची तपासणी सांगतील तेव्हा. आधी आल्या असत्या तर हे बहुधा टळलं असतं, असंही ते म्हणाले. डॉक्टरीणबाई शेजारीच उभ्या होत्या. मालक मान खाली घालून ऐकत होते. डॉक्टरीणबाईंना त्यांना बोलायची एवढी चांगली संधी होती, पण त्या पायांतल्या घरातल्या चपलांकडे बघत राहिल्या.

परतताना जीपमध्ये आम्ही दोघीच होतो. नांद्रे आलं तेव्हा त्या म्हणाल्या, “त्या दिवशी मी आधी तिचा हात धरायला हवा होता. तोंड नंतर उघडलं असतं तरी चाललं असतं.” मी त्यांच्याकडे वळून बघितलं. “आता रडू नकोस,” त्या खेकसल्या. मी रडत नव्हते.

आत्या वाचल्या. उजवा हात अर्धाच परत आला, शब्द हळूहळू आले. डॉक्टरीणबाई बघायला आल्या होत्या तेव्हा आत्यांचा पहिला स्पष्ट शब्द उमटला, “भवाने.” खाटेजवळच्या सगळ्यांची तोंडं उतरली. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं, आणि त्यांचे दात फार सुंदर होते.

दवाखान्यातल्या शिव्या काही थांबल्या नाहीत. पण आता आलेल्या माणसाचा हात आधी हातात यायचा, बोटं मनगटावर टेकायची, सगळं गप्प व्हायचं, आणि मग त्याची लायकी निघायची. आत्या दर महिन्याला यायच्या, अडखळत चार शब्द ऐकवायच्या, चाळीस ऐकून घ्यायच्या आणि प्रसन्न होऊन घरी जायच्या. घरात इतका मान असलेल्या बाईला तिथल्या अपमानात काय गोडी लागली होती, कोण जाणे.

दशक संपत आलं तसं डॉक्टरीणबाईंना डोळ्यांनी दिसेनासं झालं. भावाकडे साताऱ्याला जायचं ठरलं. गावानं सत्कार ठरवला, तर म्हणाल्या, “शालीनं मला उकडतं आणि भाषणांनी मळमळतं.” निघायच्या दिवशी भाच्यानं चालवत आणलेली गाडी आमच्या मळ्यात वळली. आत्या चुलीपाशी होत्या. डाव्या हातानं थापायला शिकल्या होत्या, पण भाकरी काही गोल व्हायची नाही. डॉक्टरीणबाई उभ्याउभ्याच एक भाकरी हातावर घेऊन खायला लागल्या.

“करपलीय.”

“मग खाऊ नगा.”

त्यांनी सगळी खाल्ली. पाणी प्यायल्या, मला म्हणाल्या, “सांभाळ हिला, मूर्ख आहे,” आणि चाचपडत गाडीत जाऊन बसल्या.

धुरळा खाली बसेपर्यंत आत्या दाराला धरून उभ्या राहिल्या. मग आत येऊन परातीतलं उरलेलं पीठ गोळा करता करता थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “शालन, आता शिव्या खायला मी कुटं जाऊ गं?”